कॅमेरा घ्यायचा कोणता, वापरायचा कसा: बेळगाव-खानापूरच्या हौशी मंडळींसाठी

आषाढात एकदा मी जांबोटीच्या बाजूला आत्तीच्या घरी गेलो होतो. सोप्यात जाते होते. कुणीतरी विषय काढला आणि आत्ती जात्यापाशी बसून ओव्या म्हणू लागली. मी नवाकोरा कॅमेरा समोर ठेवला आणि तिच्या बावीस ओव्या टिपल्या. चित्र सुरेख आले. खिडकीतला पावसाळी उजेड तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर, हातातल्या हिरव्या बांगड्या, जात्याच्या तोंडात पडणारी नाचणी, सगळे स्पष्ट. घरी येऊन ऐकले तर पत्र्यावरचा पाऊस आणि जात्याची घरघर. शब्द लागले ते चार-पाच ओव्यांचे. पुढच्या माघात आत्ती गेली. त्या ओव्या आमच्या घरात आता कुणालाच येत नाहीत.

त्या कॅमेऱ्याला बाहेरचा माइक जोडायची सोयच नव्हती. दुकानात मी मेगापिक्सेल विचारले होते, माइकचे विचारले नव्हते. आज गावातली पोरे, शाळेतले गुरुजी, मंडळाचे कार्यकर्ते मला विचारतात, "कुठला कॅमेरा घेऊ?" तेव्हा मी आधी उलट विचारतो, "त्यात काय धरून ठेवायचंय?" पुढचे सगळे त्या उत्तरावर ठरते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात मी जे काढतो, जिथे चुकलो आणि जे आता जमते, ते क्रमाने लिहितो.

पहिले तीन महिने फोनवर, आणि सोबत एक वही

फोन असताना कॅमेरा कशाला, हा प्रश्न रास्त आहे. अंगणातला फोटो, शाळेचे स्नेहसंमेलन, भाताच्या लावणीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ, एवढे आजचा बरा फोन उत्तम करतो. म्हणून पैसे खर्चण्याआधी तीन महिने फोनच नीट वापरा.

फोटो काढण्याआधी दर वेळी फोनचे भिंग सुती कपड्याने पुसा. खिशातल्या फोनवर बोटांचे तेल बसलेले असते आणि धुरकट फोटोंचे निम्मे कारण तेच असते. दोन बोटांनी ताणून झूम करू नका, चार पावले पुढे जा. ज्याचा फोटो काढायचा त्याच्यावर बोट काही क्षण दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड तिथेच अडकतो. नाहीतर मागून पांढरा सदरा गेला की चेहरा काळा पडतो. व्हिडिओ करताना फोन एअरप्लेन मोडवर टाका. मंगलाष्टके सुरू असताना आलेला फोन सगळे रेकॉर्डिंग तोडतो.

वहीत लिहायचे ते एवढेच: कुठला फोटो किंवा व्हिडिओ फसला आणि का. "चित्ररथ लांब होता." "देवळात अंधार होता." "लेझीम खेळणारे हात पुसट आले." "आवाज ऐकू येत नाही." तीन महिन्यांनी वही उघडा. "लांब होता" ही नोंद जास्त असेल तर तुम्हाला लांब पल्ल्याची लेन्स लागणार. "अंधार" आणि "पुसट" जास्त असेल तर मोठा सेन्सर आणि जास्त उजेड घेणारी लेन्स. आणि "आवाज" जास्त असेल तर कदाचित कॅमेराच नको, फोनला लावायचा माइक पुरेल. दोघा-तिघांना मी असे कॅमेऱ्याच्या खर्चातून वाचवले आहे आणि त्यांचे व्हिडिओ आज चांगले होतात.

सेन्सर आणि लेन्स: पैसा कुठे घालायचा

सेन्सर म्हणजे उजेड झेलणारी पाटी. पागोळीखाली घंगाळ ठेवले तर तांब्यापेक्षा जास्त पाणी साठते, तसेच हे. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो. एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६ चा, कॅननचा थोडा लहान, २२.३ × १४.९. मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३. बहुतेक फोनचा सेन्सर यांच्यापुढे फारच लहान. हौशी माणसाने एपीएस-सी घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. फुल फ्रेमचे चित्र अंधारात आणखी चांगले येते हे खरे, पण त्याच्या लेन्स महाग आणि जड असतात, आणि एकदा त्या वाटेला लागले की माइक, ट्रायपॉड, कार्ड यांना पैसे उरत नाहीत.

मेगापिक्सेलचे दडपण घेऊ नका. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० × ४००० बिंदू. इंचाला ३०० बिंदू धरले तरी २० × १३ इंचांचा फोटो छापून निघतो. सोप्यातल्या भिंतीवर यापेक्षा मोठा फोटो फार थोड्या घरांत लागतो.

लेन्स मात्र समजून घ्या. लेन्सचे तोंड किती उघडते ते एफच्या आकड्यावरून कळते: आकडा लहान, तर तोंड मोठे. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ ची (किट) लेन्स झूम केली की एफ ५.६ पर्यंत आवळते. तेवढ्याच उजेडात एफ १.८ ची साधी, झूम नसलेली लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. मंदिराच्या गाभाऱ्याबाहेर, मांडवात, संध्याकाळच्या अंगणात हा दहापटीचा फरक म्हणजे फोटो येणे आणि न येणे. किट लेन्स सोबत राहू द्या, पण दुसरी लेन्स एफ १.८ किंवा एफ २ ची घ्या.

ती किती मिलिमीटरची? सगळे ५० सांगतात, कारण ती स्वस्त असते. पण एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० ची लेन्स फुल फ्रेमवरच्या ७५-८० सारखी दिसते, म्हणजे चौकट अरुंद होते. आपल्याकडच्या जुन्या घरांतल्या खोल्या लहान. भिंतीला पाठ टेकवूनही आज्जी आणि तिची चूल एका चौकटीत मावत नाही. घरातले आणि माणसांचे काढणार असाल तर ३५ किंवा २४ घ्या. पक्षी हाच छंद असेल तर गणित निराळे: निदान ३०० मिलिमीटर, आणि भरपूर धीर.

डीएसएलआर की मिररलेस

डीएसएलआरमध्ये उजेड डोळ्याकडे वळवणारा आरसा असतो, मिररलेसमध्ये तो नसतो. नवीन घेणार असाल तर मिररलेस. पडद्यावर किंवा डोळा लावायच्या खिडकीत जसे दिसते तसाच फोटो येतो, त्यामुळे शिकणे लवकर होते, आणि व्हिडिओ करताना तो माणसाच्या डोळ्यावरचा फोकस सोडत नाही. कॅनन आर५०, सोनी झेडव्ही-ई१०, निकॉन झेड ३० हे तिन्ही हौशी माणसाने विचारात घ्यावेत असे आहेत. तिघांनाही बाहेरचा माइक जोडता येतो. झेडव्ही-ई१० ला हेडफोनही जोडता येतो, आणि आवाजाच्या कामात ती मोठी सोय आहे. मात्र त्याला आणि झेड ३० ला डोळा लावायची खिडकी नाही, आर५० ला आहे. एप्रिलमध्ये दुपारी बारा वाजता राजहंसगडावर उभे राहून पडद्यावर काही दिसते का ते पाहा, मग खिडकीची किंमत कळते. तिघांच्याही बॉडीत हात हलण्याला आवर घालणारी यंत्रणा नाही. ते काम लेन्सला किंवा ट्रायपॉडला करावे लागते.

पैसे कमी असतील तर वापरलेला डीएसएलआर हा अजूनही चांगला सौदा आहे. त्याची बॅटरी दिवसभर टिकते. निकॉन डी३५०० एका चार्जवर १५५० फोटोंपर्यंत जातो, मिररलेस साधारण तीनशे-चारशेवर थांबतो. पावसाळ्यात खानापूरच्या आतल्या गावांत वीज कधी जाईल सांगता येत नाही, तिथे हा फरक जाणवतो. मिररलेस घेतलात तर दोन जादा बॅटऱ्या घ्या आणि तो पॉवर बँकेवर चार्ज होतो का ते आधी पाहा. डीएसएलआरमध्ये माइकची गोष्ट विसरू नका: कॅनन २००डी आणि निकॉन डी५६०० ला माइकची जागा आहे, कॅनन १५००डी आणि निकॉन डी३५०० ला नाही. फक्त फोटोच काढायचे असतील तर मागचे दोन्हीही छान आहेत.

ठरवलेल्या रकमेतला साठ टक्क्यांपेक्षा जास्त भाग बॉडी आणि किट लेन्सवर जाऊ देऊ नका. उरलेल्यात दुसरी लेन्स, माइक, ट्रायपॉड, दोन कार्डे, जादा बॅटरी आणि ठेवायचा हवाबंद डबा बसला पाहिजे. बसत नसेल तर बॉडी एक पायरी खालची घ्या.

वापरलेला घेताना दुकानातच करायची तपासणी

बेळगावात, कोल्हापुरात, हुबळीत जुने कॅमेरे मिळतात. लग्नाचे काम करणारे फोटोग्राफर दर दोन-चार वर्षांनी कॅमेरा बदलतात, त्यांच्याकडचे बरेच बाजारात येतात. घाई करू नका. तासभर लागेल असे सांगूनच बसा.

आधी लेन्स. ती कॅमेऱ्यावरून काढा, मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरपे पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्या भागातल्या पावसाळी दमटपणात ती फार होते. "पुसून निघेल" असे कुणी म्हटले तरी अशी लेन्स घेऊ नका. धुळीचे दोन-चार कण मात्र चालतात. मग झूमचे आणि फोकसचे कडे फिरवा. खरखर किंवा अडखळणे नको.

मग सेन्सर. एफ १६ वर ठेवून मोकळ्या आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून पाहा. काळे ठिपके धुळीचे असतील तर साफ होतात. रेघ किंवा ओरखडा असेल तर उठा.

शटर किती वेळा पडले ते विचारा. हौशी दर्जाच्या डीएसएलआरचे शटर साधारण १ लाख वेळांच्या हिशेबाने बनवलेले असते. निकॉनच्या फोटोफाइलमध्ये हा आकडा लिहिलेला असतो, फोटो संगणकावर घेऊन पाहता येतो. लग्नात वापरलेल्या कॅमेऱ्याचा आकडा मोठा असणारच. त्याची भीती नको, पण किमतीत तो दिसला पाहिजे.

शेवटी आपले कार्ड आणि आपला माइक घालून पाच मिनिटांचा व्हिडिओ करा आणि तिथेच ऐका. मागची सगळी बटणे दाबा, फ्लॅश उघडा, बॅटरी फुगलेली नाही ना ते पाहा. मूळ बिल मागा आणि त्यावरचा क्रमांक कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या क्रमांकाशी ताडून पाहा. नवीन घेतानाही जीएसटीचे पक्के बिल आणि भारतातली वॉरंटी घ्याच. बिलाशिवाय दोन-चार हजार वाचतात, पण बिघाड झाला की कॅमेरा घेऊन दारोदार फिरायची वेळ येते.

पहिल्या दिवशी बदलायच्या गोष्टी

तारीख आणि वेळ बरोबर करा. दहा वर्षांनी फोटो शोधाल तेव्हा हीच उपयोगी पडते.

मेनूत पाल आणि एनटीएससी अशा व्हिडिओच्या दोन पद्धतींचा पर्याय असतो, तिथे पाल निवडा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते, आणि व्हिडिओत काळे पट्टे सरकू लागतात. पाल केले की सेकंदाला २५ किंवा ५० चित्रे मिळतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, पट्टे जातात. फोनवरही व्हिडिओच्या सेटिंगमध्ये पाल शोधा. आयफोनमध्ये ते सुरू करावे लागते. मांडवातल्या स्वस्त एलईडी माळांवर आणि मोठ्या एलईडी पडद्यांवर मात्र एवढ्यानेही भागत नाही. तिथे शटर थोडे थोडे पुढे-मागे करून पट्टे कुठे थांबतात ते पाहायचे, दुसरा इलाज नाही.

फोटोसाठी कॅमेरा ए किंवा एव्ही मोडवर ठेवा: लेन्स किती उघडायची ते तुम्ही ठरवायचे, शटर कॅमेरा ठरवतो. आयएसओ, म्हणजे सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, ऑटो ठेवा, वरची मर्यादा ६४००. मेनूत सोय असेल तर सर्वात हळू शटर १/१२५ बांधून घ्या. फोटो रॉ (सेन्सरने टिपलेली मूळ, कच्ची फाइल) आणि जेपीईजी दोन्हीत साठवा. रॉ आज उघडता आला नाही तरी पुढे शिकलात की त्याच फोटोतला बुडालेला चेहरा वर काढता येतो.

कार्डावर व्ही३० लिहिलेले पाहून घ्या. सेकंदाला निदान ३० मेगाबाइट सतत लिहिण्याची ती खात्री असते. १०० एमबीपीएसचा (सेकंदाला १०० मेगाबिट) फोर-के व्हिडिओ सेकंदाला साडेबारा मेगाबाइट घेतो, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर साधारण ८५ मिनिटे. एक मोठे कार्ड घेण्यापेक्षा ६४ ची दोन घ्या. एक बिघडले तर अर्धे लग्न तरी हातात राहते.

आता हात बसवायला थोडे आकडे. खिडकीशेजारी बसलेल्या माणसासाठी एफ २, १/१२५, आयएसओ ८०० च्या आसपास. लेझीम, झांजपथक, धावणारी पोरे: १/५०० किंवा त्याहून वेगवान. रणरणत्या उन्हात एफ १६, आयएसओ १००, शटर १/१००, हे डोळे झाकून लावले तरी फोटो येतो. वरचे आकडे महिनाभर स्वतः चाकाने लावा. नंतर ते आठवावे लागत नाहीत.

आवाज: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

कॅमेऱ्यातला स्वतःचा माइक हा फक्त खूणगाठीपुरता. तो सगळीकडचे ऐकतो आणि कॅमेऱ्याजवळचे सगळ्यात जास्त ऐकतो. आवाजाचा साधा नियम असा: माइक आणि तोंड यांतले अंतर निम्मे केले की आवाज ६ डेसिबलने वाढतो, पंख्याचा आणि पावसाचा मात्र आहे तेवढाच राहतो. दोन मीटरवरच्या महागड्या माइकपेक्षा वीतभर अंतरावरचा साधा कॉलर माइक चांगला, याचे कारण हे.

सुरुवातीला बोया बीवाय-एम१ सारखा वायरचा कॉलर माइक पुरतो. वायर ६ मीटर लांब असते. त्याच्या डबीवर फोन आणि कॅमेरा असे बटण असते, ते चुकीच्या बाजूला राहिले तर आवाज नीट येत नाही. आत एलआर४४ ची बटण बॅटरी असते, एक जादा जवळ ठेवा. बिनतारी माइक सोयीचा असतो, पण वायरचा माइक ऐन वेळी चार्ज संपला म्हणून थांबत नाही.

माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. नऊवारीत किंवा पाचवारीत पदर माइकवर घासतो आणि कानात करकर येते, म्हणून पदर ज्या खांद्यावर नाही त्या बाजूला लावा. मंगळसूत्र माइकवर आपटते. ते काढायला सांगायचे नाही, माइक थोडा बाजूला सरकवायचा. काकणे वाजतात. ती वाजू द्यावीत, त्यांचाही आवाज त्या माणसाचाच आहे.

मग खोली. पंखा बंद, टीव्ही बंद, शेजारच्या खोलीतला फ्रिज बंद. फ्रिज बंद केलात तर घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो पुन्हा सुरू करायचे विसरत नाही. रिकाम्या सिमेंटच्या खोलीत आवाज घुमतो. समोरच्या भिंतीला दोन वाकळी किंवा घोंगडी टांगा, घुमणे लगेच बसते. जुन्या मातीच्या भिंतींचा, कौलांचा सोपा मात्र आवाजाला फार चांगला. पत्र्याच्या घरात पावसात काही करू नका. दिवाळीनंतर, भाताची कापणी संपली की या, तेव्हा माणसांना वेळ असतो.

कॅमेऱ्यात आवाजाची पातळी ऑटोवर ठेवू नका. ऑटोत माणूस बोलायचा थांबला की कॅमेरा शांततेलाच वर उचलतो आणि खरखर वाढते. हाताने लावा: सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास पोचला पाहिजे, शून्याला कधीच टेकता कामा नये. हेडफोन लावून ऐका. कॅमेऱ्याला हेडफोनची जागा नसेल तर एक मिनिट रेकॉर्ड करून पुन्हा ऐका आणि मगच पुढे जा. शिवाय एक फोन रेकॉर्डिंग सुरू करून त्या माणसाजवळ ठेवा आणि सुरुवातीला एकदा टाळी वाजवा. नंतर दोन्ही आवाज त्या टाळीवर जुळवता येतात. शेवटी तीस सेकंद कुणीही न बोलता खोलीची शांतता टिपा, कापाकापीत ती भरणीला लागते.

हे झाले यंत्राचे. म्हाताऱ्या माणसापुढे कॅमेरा मांडून "हं, बोला आता" म्हटले की ते सभेत बोलल्यासारखे बोलू लागतात. त्यांच्या हाताला काम असू द्या. शेंगा फोडणे, वाती वळणे, भाजी निवडणे. कॅमेरा ट्रायपॉडवर सुरू करून तुम्ही त्याच्या शेजारी खाली बसा आणि डोळ्यात बघून गप्पा मारा. "तुमी नवं लगीन होऊन आलासा तवा हितं काय होतं?" एवढा एक प्रश्न तासभर पुरतो. त्यांची बोली दुरुस्त करू नका. आपल्याकडे एकाच वाक्यात मराठी आणि कन्नड येते. शेजारच्या अज्जी अर्धी गोष्ट कन्नडात सांगतील तर सांगू द्या. ती गोष्ट अशीच घडली आणि अशीच सांगितली गेली आहे. मध्येच थांबवून "मराठीत सांगा" म्हटले की गोष्ट मरते.

सुरुवातीला कॅमेरा सुरू असतानाच नाव, गाव, तारीख तुम्ही स्वतः मोठ्याने बोला. आणि हे रेकॉर्डिंग घरात राहणार की इंटरनेटवर जाणार, हे त्यांना समजेल अशा शब्दांत आधी विचारा. नको म्हणाले तर नको.

मिरवणूक

बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक वैशाखात, रात्रभर चालते. गणपतीत कपिलेश्वर तलावावर विसर्जनाची गर्दी असते. दोन्हीकडे अडचण एकच: काळी रात्र आणि त्यात डोळे दिपवणारे दिवे. कॅमेरा अंधार पाहून सगळे उजळ करायला जातो आणि चित्ररथावरचे चेहरे पांढरेफटक होतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो कॅमेऱ्याच्या अंदाजापेक्षा उजळ किंवा गडद करायची सोय) उणे १ करा. एफ १.८, १/२५०, आयएसओ ३२०० पासून सुरू करा.

जागा आधी उजेडी जाऊन हेरा. रथ वळतो तो कोपरा सगळ्यात चांगला, कारण तिथे तो थांबतो आणि समोरूनही दिसतो. ओळखीच्या घराच्या पहिल्या मजल्यावरून मिरवणुकीचा पसारा कळतो, माणसे मात्र रस्त्यावरच मिळतात. रथ येण्याआधीची पोरांची धडपड, दोरखंड धरलेले हात, पहाटे तीनला बापाच्या खांद्यावर झोपलेले पोर, हे फोटो नंतर सगळे मागून घेतात. पट्टा गळ्यातून आडवा घाला. ढोल-ताशाजवळ आवाजाची पातळी अगदी खाली आणा आणि कानात बोळे घाला.

लग्नात तुम्ही पाहुणे असाल तर ठरलेल्या फोटोग्राफरच्या आड येऊ नका. तुम्ही अक्षता पडतात त्या क्षणी नवरा-नवरीकडे न पाहता त्यांच्या आयांकडे कॅमेरा वळवा.

पाऊस, धबधबा आणि बुरशी

गोकाकला घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. पावसाळ्यात पाणी गढूळ आणि प्रचंड असते. पाणी रेशमासारखे हवे तर शटर हळू लागते. ढगाळ दिवशी आयएसओ १००, एफ ११ ला १/२५ येतो. लेन्सपुढे एनडी ८ फिल्टर, म्हणजे उजेड आठपट कमी करणारी काळसर काच, लावला की तो १/३ सेकंद होतो आणि पाणी मऊ येते. त्यासाठी ट्रायपॉड हवाच. पण गढूळ महापुराचा जोर दाखवायचा असेल तर उलट करा, १/१००० ने पाणी गोठवा. मला गोकाक तसाच जास्त खरा वाटतो. उन्हात व्हिडिओ करताना शटर १/५० ठेवून लेन्स एफ २.८ ला उघडी ठेवायची तर एनडी ६४ लागतो.

राजहंसगडावर धुके असले की कॅमेरा पांढऱ्याला करडे करतो. एक्स्पोजर अधिक १ करा.

पावसात छत्री धरायला दुसरा माणूस असला तर उत्तम. नसेल तर जाड प्लॅस्टिकची पिशवी कॅमेऱ्यावर घाला, लेन्सच्या तोंडाशी रबर बांधा आणि समोर हूड लावा. पुसायला चार कोरडी मायक्रोफायबर फडकी, वेगवेगळ्या खिशांत. एसी गाडीतून उतरून कॅमेरा लगेच उघडू नका, भिंगावर वाफ धरते. पिशवी बंद ठेवून वीस मिनिटे थांबा.

खरा धोका घरी आल्यावर असतो. जून ते सप्टेंबर कॅमेरा त्याच्या कापडी पिशवीत कपाटात ठेवला की लेन्समध्ये बुरशी धरते. मी एक चांगली लेन्स अशीच घालवली. भाकरीच्या डब्यासारखा रबरी कडा असलेला मोठा हवाबंद प्लॅस्टिक डबा घ्या, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे छोटे घड्याळ ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा. फार कोरडेही नको. निळे जेल गुलाबी झाले की लोखंडी तव्यावर मंद आचेवर निळे होईपर्यंत परता, गार करा आणि परत ठेवा. कॅमेऱ्याजवळ तांदूळ ठेवायचा सल्ला कुणी देईल, ऐकू नका. तांदळाची पूड लेन्सच्या कड्यांत जाते. आणि आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरा.

कुठे विचारून काढायचे

बेळगाव हे लष्कराचे गाव. कॅम्प भागात, मराठा लाइट इन्फंट्रीच्या परिसरात आणि सांबऱ्याला विमानतळ-हवाई दलाच्या बाजूला कॅमेरा काढण्याआधी पाटी वाचा. ड्रोनचा तर इथे विचारही परवानगीशिवाय नको. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला २०२१ च्या नियमांत बरीच सूट आहे, पण ती विमानतळाजवळच्या आणि लष्करी हद्दीला लागू नाही. उडवण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहा.

किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ ची, तिच्या छतावरचे दगडी कमळ मान वर करून कितीही वेळ पाहावे असे आहे. हलशीची कदंबकालीन देवळेही तशीच. अशा जुन्या वास्तूंत ट्रायपॉड आणि व्हिडिओला वेगळी परवानगी लागू शकते, म्हणून तिथल्या रखवालदाराला आधी विचारा. ट्रायपॉड नसेल तर कॅमेरा जमिनीवर पाठीवर ठेवा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि बाजूला व्हा. छत स्वच्छ येते. भीमगड हे २०११ पासून अभयारण्य आहे, तिकडच्या जंगलात आणि धबधब्यांवर वनखात्याला विचारल्याशिवाय जाऊ नका.

घरी आल्यावर त्याच रात्री

कार्ड संगणकावर उतरवा, मग लगेच दुसऱ्या हार्ड डिस्कवर. दोन्हीकडे फाइल उघडते हे पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नका. एक डिस्क आपल्या घरी, दुसरी दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा मामाकडे. फोल्डरला नाव वर्ष, महिना, दिवस, गाव, माणूस या क्रमाने द्या, म्हणजे ते आपोआप तारखेने लागतात.

आणि ज्यांचे रेकॉर्डिंग केले त्यांच्या घरी आठवड्याभरात पेन ड्राइव्ह पोचवा. सोबत दोन छापलेले फोटो न्या, कारण पेन ड्राइव्ह कपाटात जातो आणि फोटो भिंतीवर. माझ्याकडे आत्तीचा तो व्हिडिओ दोन डिस्कांवर आहे. हेडफोन लावून, पाऊस आणि जात्याची घरघर शक्य तेवढी कमी करून, मी अजून त्यातले शब्द उतरवतोय. गेल्या महिन्यात सहावी ओवी पूर्ण लागली.